तबकडीची पाठ

माझ्या मामाला सगळे तारीखमामा म्हणत. नाव ठेवलं खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यानं, थट्टेत, पण ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा जिन्याखालून त्याच नावानं हाका मारायला लागला. मामाचं काम खिशात ठेवायच्या जुन्या घड्याळांचं. दुरुस्ती तो करायचाच, पण लोक लांबलांबून यायचे ते एवढंच विचारायला, की हे घड्याळ कुणी बनवलं, कोणत्या साली, आणि घरात आजोबांपासून जे सांगितलं जातं ते खरं की नुसत्या बाता. मामा उजव्या डोळ्याला भिंग लावायचा, घड्याळ उघडायचा आणि साल सांगायचा. तोंडी नाही, लेखी. सही-शिक्क्याचा दाखला. तो लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं, कारण मामाचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्याचं त्यालाच लागायचं नाही.

मामी म्हणायची, "जगातल्या सगळ्या घड्याळांचं वय याला बिनचूक कळतं. माझं तेवढं दर वेळी दोन वर्षांनी वाढवून सांगतो."

त्याची खोली पहिल्या मजल्यावर, जिना चढलं की डाव्या हाताला. एकच खिडकी, खिडकीपाशी छातीइतकं उंच टेबल, टेबलाला पुढून एक कापडी झोळी शिवलेली, म्हणजे एखादा स्क्रू निसटला तर जमिनीवर न जाता झोळीत पडावा. पंखा लावायचा नाही. खोकायचं तर बाहेर जाऊन. मी एकदा शिंकले आणि सेकंदाचा काटा उडाला, तो शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली. त्यानंतर कितीतरी महिने मामा मला दारातच विचारायचा, "सर्दी नाही ना?"

माणूस भला, पण संथ. इतका संथ की बघणाऱ्याचा जीव वरखाली व्हावा, आणि माझा तर मुळातच नाकावर राग. आधी झाकणाच्या आतले छाप बघायचा. चांदीची डबी ज्या साली तपासली गेली त्याचा एक बारीक शिक्का तिच्यात असतो, त्यावरून डबीचं साल. मग आतल्या यंत्रावरचा नंबर जाड वहीत शोधायचा, त्यावरून यंत्राचं साल. मग सुईनं ओढलेल्या खुणा. ही या धंद्यातली जुनी रीत आहे. घड्याळ ज्या कारागिराच्या हाताखालून जातं तो आतून, गिऱ्हाइकाच्या नजरेस पडणार नाही अशी, आपली खूण आणि साल कोरून ठेवतो. मामाची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा. दुसऱ्यांच्या खुणा तो कुणाची तरी पत्रं वाचावीत तशा वाचायचा. "हा घाईतला माणूस," म्हणायचा. "आणि याचा हात कापत होता बघ, म्हातारा असणार."

एवढं झालं की कुणालाही वाटावं, काम संपलं. इथेच घोडं पेंड खायचं. मामा काटे काढायचा, बाजूचे दोन केसाएवढे स्क्रू सैल करायचा आणि आकड्यांची तबकडीच उचलून तिची पाठ बघायचा. प्रत्येक घड्याळाची. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. जुन्या तबकड्या महा नाजूक, जरा हात चुकला की तडा. बरं, शंभरातल्या नव्वद तबकड्यांच्या पाठीवर काहीही नसायचं. मी वैतागून म्हणायचे, "मामा, कशाला उगाच विषाची परीक्षा?"

"पाच मिनिटं तर लागतात," तो म्हणायचा. आणि पुढचा स्क्रू सैल करायला घ्यायचा.

त्याची दुसरी खोड रस्त्याची. बेकरी आमच्या जिन्यापासून तीन मिनिटांवर, छापखान्याच्या गल्लीतून सरळ. मामा मात्र पाण्याच्या टाकीला वळसा घालून जायचा, ऊन असो की पाऊस. का, तर म्हणे पायांना व्यायाम. आणि ह्याच गृहस्थाला स्वतःच्या जिन्याच्या सोळा पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागायचं. मी आपली समजूत करून घेतली होती की म्हातारपणाचा हट्ट आहे, दुसरं काय.

मामा अडुसष्ट वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. मंगळवार होता. अकराच्या सुमारास एका लिलाव करणाऱ्या पेढीचा माणूस वर आला. तरुण, गोडबोल्या, बूट इतके चकचकीत की त्यात जिना दिसावा. त्यानं टेबलावर एक लाकडी पेटी ठेवली.

"मामा, आज सोपं काम आणलंय. जुन्या गिरणीच्या मालकांकडचं घड्याळ. मालक गेले, आता सूनबाई सगळं विकायला काढतायत. आणि गंमत बघा, पेटीत तुमचाच दाखला निघाला. एकतीस वर्षांपूर्वीचा!"

त्यानं घडी घातलेला पिवळा कागद उलगडून माझ्या हातात दिला. मी मोठ्यानं वाचला. "डबी आणि यंत्र एकमेकांचे नाहीत. यंत्र डबीपेक्षा बावीस वर्षांनी अलीकडचे असून ते नुकतेच बदललेले आहे." खाली मामाची सही, शिक्का.

"हेच नव्या कागदावर उतरवून द्या आणि तारीख आजची घाला," लिलाववाला म्हणाला. "उघडायचीसुद्धा गरज नाही. चारला येतो मी. पाचच्या गाडीनं माल जायचाय."

मामानं घड्याळाला हात लावला नव्हता. तो त्या पेटीकडे असा बघत होता की मला वाटलं, याला भोवळबिवळ येतेय की काय. "चारला या," एवढंच म्हणाला.

माणूस गेला. मी कोरा कागद ओढला. "उतरवू?"

"थांब."

तो उठून मोरीत गेला आणि हात धुऊन आला. बसला. परत उठला, परत हात धुऊन आला. साडेअकरा झाले, बारा झाले. मी चिडले. "मामा, काय ते सांगशील का? का मी अशीच बसू हाताची घडी घालून?"

मग त्यानं सांगितलं. माझ्याकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून.

हे घड्याळ एके काळी गिरणीच्या फाटकावरच्या खोलीत टांगलेलं असायचं. त्यावर भोंगा वाजायचा. किल्ली देणं, भोंगा वाजवणं, कामगारांची हजेरी मांडणं, हे सगळं एका माणसाकडे होतं. त्याला सगळे हजेरीमास्तर म्हणत. वीस वर्षं त्यानं भोंगा एक मिनिट इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. एकदा मालकांकडे कुणी शौकीन पाहुणा आला, त्यानं घड्याळ उघडून पाहिलं आणि म्हणाला, डबी उंची आहे, पण आतला माल हिचा नाही. मालकांच्या डोक्यात तिडीक गेली. वडिलांनी नवंकोरं घेतलेलं घड्याळ! त्याला हात लावणारा माणूस एकच, आणि दोनच महिन्यांपूर्वी तो ते साफ करून आणायला बाहेर घेऊन गेला होता. मालकांनी घड्याळ मामाकडे पाठवलं. मामा तेव्हा सदतीस वर्षांचा, खोली घेऊन दोन वर्षं झाली होती, जिना चढून फारसं कुणी येत नव्हतं.

"मालकांचा माणूस इथे डोक्यावर उभा होता," मामा म्हणाला. "खाली मोटार चालूच ठेवली होती. मी डबीचं साल काढलं, यंत्राचं काढलं. जुळत नव्हतं. ते बरोबरच होतं. मग त्यानं विचारलं, यंत्र बदललं कधी? मी बघितलं तर यंत्राचे स्क्रू लखलखीत, त्यांच्या खाचांवर ताजे ओरखडे. मी म्हणालो, अगदी अलीकडे."

"मग? चुकलं काय त्यात?"

"स्क्रू लखलखीत होते कारण दोन महिन्यांपूर्वी घड्याळ साफ झालं होतं. साफ करायला स्क्रू काढावेच लागतात. ताज्या ओरखड्यांवरून एवढंच कळतं की घड्याळ नुकतंच कुणी उघडलंय. बदललंय हे कुठे कळतं?"

"आणि तबकडी?"

"नाही उचलली." तो म्हणाला. "घाई होती. तबकडीला धक्का लावू नका असा मालकांचा निरोपही होता. पण ते सगळं सोड. मला वाटलं, मला कळलंय. म्हणून नाही उचलली."

हजेरीमास्तरची नोकरी त्याच आठवड्यात गेली. पोलिसांनी घर उलथंपालथं केलं, काही मिळालं नाही, सोडून दिलं. पण घड्याळचोर हे नाव मिळालं ते मिळालंच. त्याला पुन्हा कुणी किल्लीचं, कुलपाचं, विश्वासाचं काम दिलं नाही. आणि मामाचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं, चोरी पकडणारा घड्याळतज्ज्ञ म्हणून. त्या बातमीनं मामाच्या जिन्यावर रांग लागली. तीन वर्षांनी मामाच्या हातात तसंच एक घड्याळ आलं, तसेच लखलखीत स्क्रू, आणि सहज तबकडी उचलली तर पाठीवर पन्नास वर्षांपूर्वीची खूण. तेव्हा त्याला कळलं की लखलखीत स्क्रूंवरून यंत्र कधी बदललं ते सांगता येत नाही.

"मग गेला का नाहीस मास्तरांकडे?"

"कुठल्या तोंडानं? आणि काय घेऊन? घड्याळ मालकांच्या तिजोरीत." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगू का तुला? पुरावा नाही, याचं मला बरंच वाटायचं."

मला मामाचा राग आला. त्याच्याबद्दल मला कायम माया वाटत आली होती, आणि त्या क्षणी मात्र असं वाटलं की उठावं आणि जिना उतरून जावं. मी विचारलं, "कुठे असतात ते मास्तर आता?"

"छापखान्याच्या गल्लीत. मुलीकडे."

पाण्याच्या टाकीचा वळसा माझ्या डोळ्यांपुढे आला.

"दाराला कडी घाल," मामा म्हणाला आणि त्यानं भिंग डोळ्याला लावलं.

काटे निघाले. पहिला स्क्रू निघाला. दुसरा हलेना. कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. मामानं सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेतला, स्क्रूवर सोडला आणि आम्ही वाट बघत बसलो. हात त्याचे नेहमीसारखे स्थिर होते, पण कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला होता. मी माझ्या रुमालानं तो टिपला, भिंगाला धक्का न लावता. खाली चष्मेवाल्याच्या दुकानात कुणीतरी जोरात हसलं तर आम्ही दोघं दचकलो. मामानं पुन्हा जोर दिला. टक्‌ असा आवाज झाला. मला वाटलं, गेली तबकडी. पण स्क्रू सुटला होता.

त्यानं तबकडी मऊ कागदावर पालथी घातली. खूप वेळ बघत राहिला. मग भिंग काढून माझ्या हातात दिलं. "तू वाच."

मी वाकले. तांब्याची काळवंडलेली पाठ, आणि तिच्यावर एक बारीक त्रिकोण, त्रिकोणात ठिपका. बाजूला ३८. त्याखाली चार आकडे.

"हे आकडे कसले?"

"डबीचा नंबर आहे तो. तबकडी यंत्रालाच स्क्रूनं जोडलेली असते, म्हणजे यंत्रही तिच्याबरोबरच या डबीत आलं. आता झाकण बघ."

चांदीच्या झाकणाच्या आत दहा-बारा खुणांच्या गर्दीत तोच त्रिकोण होता. ठिपका तसाच जरा डावीकडे सरकलेला. शेजारी ३८.

"एकच हात, एकच साल," मामा म्हणाला. "एकोणीसशे अडतीस साली कुणीतरी हे यंत्र आणि ही तबकडी या डबीत बसवली. मालकांच्या वडिलांनीच करून घेतलं असणार. मूळचं यंत्र बिघडलं असेल. पोराला सांगायचं राहिलं असेल, नाहीतर वाटलंच नसेल सांगावंसं."

"आणि मास्तर?"

"तेव्हा दहा वर्षांचे होते ते."

आता मी काय म्हणाले ते सांगते. सांगायची लाज वाटते, पण मामाचं सगळं सांगायचं आणि आपलं तेवढं झाकून ठेवायचं, हे काही बरं नाही. मी म्हणाले, "मामा, हे बघ. मालक गेले. गिरणी बंद पडून किती वर्षं झाली. तू ही तबकडी परत बसव, मी जुना मजकूर उतरवते, चारला तो माणूस घड्याळ घेऊन जाईल. कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलं ना?" मामा म्हणाला. "मला कळलं. झाले की दोघं."

मग त्यानं मजकूर सांगितला आणि मी लिहिला. त्याचा एकेक शब्द मला अजून पाठ आहे. "एकतीस वर्षांपूर्वी मी दिलेला दाखला चुकीचा होता. हे यंत्र १९३८ साली बदललेले आहे. गिरणीच्या हजेरीमास्तरांवर जो आळ आला त्याच्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. तबकडी न उचलता मी मत दिले. चूक माझी आहे." दोन प्रती लिहायला लावल्या. दोन्हींवर सही केली, शिक्का मारला, आणि शिक्का मारताना तो इतका जोरात दाबला की टेबलावरची ताटली हलली.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मात्र मला अजिबात अपेक्षित नव्हतं. तबकडी कापसात गुंडाळून त्यानं एका छोट्या गोल डब्यात ठेवली, चांदीचं घड्याळ रुमालात बांधलं, दोन्ही कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि चपला पायात सरकवल्या.

"मामा! दुसऱ्याची वस्तू आहे ती. आपल्याला ती खोलीबाहेर न्यायची परवानगी नाही. तो माणूस लवकर आला तर? पोलिसांत गेला तर?"

"जाऊ दे. मास्तरांकडेही आले होतेच की."

"अरे, नुसता दाखला दाखव ना त्यांना!"

"माझ्या दाखल्यावर विश्वास ठेवून काय झालं ते बघितलंस ना? या वेळी वस्तूच दाखवायची."

अडीच वाजले होते. आम्ही जिना उतरलो. खाली पोहोचल्यावर मामाची पावलं सवयीनं टाकीकडे वळली, दोन पावलं गेलीसुद्धा. मग तो थांबला आणि उलटा फिरून छापखान्याच्या गल्लीत शिरला. ती गल्ली तीन मिनिटांची, आम्हाला दहा लागली. एक हात सारखा छातीवरच्या खिशावर. समोरून सायकल आली की मामा भिंतीला चिकटून उभा राहायचा. मी पुढे होऊन माणसं बाजूला करत होते आणि मनातल्या मनात त्या चकचकीत बुटांना शिव्या देत होते.

गल्लीच्या मध्यावर माझा फोन वाजला. लिलाववाला.

"मी लवकर आलोय. तुमच्या दाराला कुलूप कसं? घड्याळ कुठे आहे?"

मी काहीबाही बोलायला लागले तसा मामानं फोन माझ्या हातातून घेतला.

"घड्याळ माझ्या खिशात आहे," तो म्हणाला. "चारचं ठरलंय, चारला मिळेल."

पलीकडून आवाज चढला. मलाही ऐकू येत होता, चोरी, तक्रार, सूनबाई, असं काहीतरी.

"करा तक्रार," मामा म्हणाला. "नाव नीट लिहून घ्या माझं. मागच्या वेळी चुकीच्या माणसाचं लिहिलं होतं." आणि फोन कट करून माझ्याकडे दिला. मामाला एवढं तिखट बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

घड्याळाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण यानंतर मला त्याची आठवणसुद्धा राहिली नाही. चारला ते परत गेलं, तबकडी पूर्वीसारखी बसवून, जुन्या दाखल्यावर नवा दाखला टाचून. लिलाववाल्यानं ही गोष्ट चार ठिकाणी सांगितली असणार, कारण वर्षभरात मामाकडे येणारी माणसं निम्मी झाली. मामानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

मास्तरांचं घर तळमजल्यावर होतं, छापखान्याच्या मागच्या अंगाला. दार मुलीनं उघडलं. चाळिशी ओलांडलेली, कामावरून नुकतीच आलेली असावी, पायात अजून बूट होते. कुठल्याशा शाळेच्या कार्यालयात होती असं नंतर कळलं. गळ्यात काळ्या दोरीला एक किल्ली. तिनं मामाला लगेच ओळखलं. तिचा चेहरा इतका बदलला की मला वाटलं, आता दार आमच्या तोंडावर आपटणार.

"मास्तर आहेत?" मामा म्हणाला. "दोन मिनिटं."

तिनं बाजूला होऊन वाट दिली.

खोली लहान, पण कशी नीटनेटकी. एक खाट, एक खुर्ची, भिंतीशी पत्र्याचं उभं कपाट, त्याला पितळी कुलूप. खाटेवर एक वाळलेला म्हातारा बसला होता, खांद्यावर चादर ओढून. त्यानं मामाकडे पाहिलं. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

मामानं खिशातून रुमाल काढला, डबा काढला, दोन्ही उघडून खाटेवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच नवा दाखला वाचला. पहिलं वाक्य नीट वाचलं. हजेरीमास्तर या शब्दापाशी तो अडखळला. मग पहिल्यापासून परत वाचायला लागला. चूक माझी आहे, हे शेवटचं वाक्य त्यानं कागदाकडे न बघता म्हटलं. मग त्यानं भिंग पुढे केलं. "मास्तर, स्वतः बघा. हे झाकण. ही तबकडीची पाठ."

म्हाताऱ्यानं भिंग घेतलं नाही. त्यानं नुसता अंगठा तबकडीच्या पाठीवरून फिरवला.

"ही काढायला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं," मामा म्हणाला.

"पाच मिनिटं." मास्तरांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मामाला सोपं गेलं असतं. "मी तुम्हाला तेव्हा निरोप पाठवला होता. नीट बघा म्हणून."

"मिळाला होता," मामा म्हणाला.

माझ्या पर्समध्ये फोन थरथरत होता, मी तो वरूनच दाबून धरला. मामा मान खाली घालून उभा होता, शाळेत उभं करतात तसा. मला वाटलं, ज्या कामाला आलो ते झालं, आता निघावं. इतक्यात मागून मुलगी बोलली. तिचा आवाज विचित्र आला, लहान मुलीसारखा.

"म्हणजे बाबांनी नव्हतंच केलं?"

आम्ही तिघंही वळलो. ती दाराला टेकून उभी होती.

"नाही," मामा म्हणाला. "कधीच नव्हतं केलं."

"मी बारा वर्षांची होते," ती माझ्याकडे बघून म्हणाली. का माझ्याकडे, कोण जाणे. बाई म्हणून असेल. "वर्गात सगळ्या मुलींनी तो कागद वाचला होता, पेपरात छापलेला. सही होती, शिक्का होता. बाबा सांगायचे मी नाही केलं. रोज सांगायचे. मग एक दिवस सांगायचे थांबले. मला वाटलं..." ती थांबली. "एवढा मोठा माणूस लिहून देतो म्हणजे..."

मामा खुर्चीचा हात धरून खाली बसला. एवढा वेळ त्याला वाटत होतं की आपण एका माणसाचं देणं लागतो, आणि त्याचा हिशेब तो मनात मांडून आला होता. ही मुलगी त्यात कुठेच नव्हती. माझ्याही हिशेबात नव्हती.

"बाबा, मी तुम्हाला..."

"माहीत आहे मला," मास्तर म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तुझा विश्वास नव्हता ते. केलंस सगळं माझं, काही कमी केलं नाहीस. औषधपाणी, आंघोळ, सगळं. पण कामावर जाताना कपाटाला कुलूप लावून जायचीस."

ती मटकन खाली बसली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. मामाही रडत होता, उघड, डोळे न पुसता. मास्तर तेवढे शांत होते. त्यांनी चादर खांद्यावर जरा वर ओढून घेतली.

"रडू नको, पोरी," ते म्हणाले. "आधी ते कपाट उघड. माझा लोकरीचा स्वेटर त्यात असतो. तू गेलीस की दुपारी मला थंडी वाजते."

ती धडपडत उठली आणि किल्ली शोधायला लागली. टेबलाचा खण उघडला, पर्स उलटी केली, उशीखाली पाहिलं, स्वयंपाकघरात जाऊन आली. किल्ली तिच्या गळ्यातच होती. आम्हाला तिघांनाही ती दिसत होती, आणि तिला सांगायचं मात्र कुणालाच सुचत नव्हतं.